फळीचं दुसरं टोक

१

कंपाउंडरला सगळी गल्ली कंपाउंडरच म्हणायची. नोकरी संपली, दवाखान्याला कुलूप लागलं, तरी नाव काही त्याला सोडेना. जन्मभर पुड्या बांधल्या माणसानं. हात असा हलका की कागदावरचा कण सांडायचा नाही. मग रिटायर झाल्यावर या हलक्या हाताला काही काम हवं ना? तर यानं करवत घेतली.

घराच्या मागे पत्र्याची शेड होती. शेड म्हणायची आपली. आत रंगाचे वाळलेले डबे, चाक नसलेली सायकल, पंख्याची पाती, स्क्रू भरलेल्या बाटल्या, कुणाचं काय कुणाचं काय. या पसाऱ्यात एक टेबल, आणि टेबलाच्या भोवती पोट आत घेऊन फिरायचं. तिथे हा सुतारकी करायचा. स्टुलं करायचा बहुतेक. न डगमगणारं स्टूल त्याच्या हातून कधी झालं नाही. बायको पायाखाली कागदाची घडी सरकवायची आणि पाहुण्यांना बसायला द्यायची. नावडता पाहुणा असला की घडी काढून घ्यायची.

अशी ती. आणि मदतीलाही तीच. फळी कापायची म्हणजे टेबलाच्या बाहेर काढून कापायची, आणि बाहेरचं टोक कुणीतरी धरायचं. नाहीतर कापत आलं की ते टोक आपल्या वजनानं खाली जातं आणि जाता जाता लाकडाची लांब साल ओढून नेतं. ती दारात उभी राहून धरायची. नुसतं तळहातावर तोलायचं असतं ते. पण हिचा उत्साह मोठा, ही आपली वर उचलायची. वर उचललं की कापलेली फट मिटते, आणि करवत आत जाम.

"अगं, वर नको ढकलूस! नुसतं धर!"

"धरलंय की! खाली पाडू का?"

"अडकली बघ करवत!"

"मग धरा तुमचं तुम्ही!"

आणि फळी सोडून ती तरातरा घरात. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं एक ऐकलं असेल तर शपथ.

परसात बसायला एक बाक करून द्या, एवढं एकच मागणं होतं तिचं. "करतो की," म्हणायचा हा, आणि आणखी एक स्टूल करायचा. बाक व्हायच्या आधीच ती गेली. साधा ताप आला म्हणता म्हणता गेली. ज्यानं अख्ख्या गावाला औषधं दिली, त्याच्या हातात तिच्यासाठी एक पुडी नव्हती. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

२

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. एकटी राहायची, स्वतःची गाडी चालवायची. ती मागेच लागली होती, "बाबा, माझ्याकडे चला." हा "बघू" म्हणायचा. बघू म्हणजे नाही, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं.

घरात बायकोच्या वस्तू डोळ्यांसमोर नकोत, आणि टाकवत तर नाहीत. म्हणून कंपाउंडरनं तिचं शिवणाचं मशीन, तिची पेटी, तिची खुर्ची, सगळं शेडमध्ये नेऊन दाराशी रचलं. झालं, दाराची बाजू अडली. मग टेबल फिरवावं लागलं. आता फळीचं मोकळं टोक आतल्या कोपऱ्याकडे जायचं. शिडी आणि जुन्या कपाटाच्या मधली जागा ती. तिथे मांजराला बसायचं तरी अंग चोरून बसावं लागलं असतं.

एका सकाळी त्यानं बाकाला हात घातला. चांगली जाड फळी आणली होती. खूण केली, करवत लावली, आणि इतक्या वर्षांची जीभ ती, आपोआप बोलून गेली,

"धर गं."

बोलला आणि स्वतःशीच ओशाळला. पण कापत राहिला. खर्र खर्र, खर्र खर्र. करवत अशी चालली होती, जशी लोण्यातून सुरी. शेवट जवळ आला, त्यानं पाय मागे घेतला. टोक पडणार ते बोटांवर पडायला नको.

करवत आरपार गेली. टोक पडलं नाही.

कंपाउंडर बघत राहिला. फळीचे दोन तुकडे झालेले दिसत होते. मधून करवतीचं पातं मोकळं आत-बाहेर होत होतं. आणि पलीकडचा तुकडा जिथल्या तिथे, टेबलाच्या पातळीत, कोपऱ्याकडे तोंड करून थांबलेला.

शिडीच्या पायरीवर टेकला असेल, तो म्हणाला. वाकून बघितलं. शिडी चांगली हातभर लांब होती. एखाद्या खिळ्यात अडकला असेल. खिळा नव्हता. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दवाखान्यात लोक सांगायचे की घरात कुणी चालतं, कुणी भांडी वाजवतं, ओळखीच्या आवाजात हाक मारतं आणि ओ दिली की पाठीशी लागतं, तेव्हा हाच त्यांना म्हणायचा, पोट साफ होतंय का?

मग त्यानं तुकड्याला हात लावला, अगदी हलका. तुकडा सुटला आणि त्याच्या हातात आला, एखाद्यानं सांभाळून द्यावा तसा.

तो तिच्या खुर्चीवर बसला. मग चष्मा पुन्हा पुसायला लागला.

३

त्यानंतर कंपाउंडरचा रंगच पालटला. पहाटे उठून दाढी काय, धुतलेला शर्ट काय! चहा दोन कपांत गाळून शेडमध्ये न्यायचा. दुसरा कप तसाच परत यायचा, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. तिला गार चहा आवडायचा नाहीच.

आणि काम? काम तर बघत राहावं असं. फळी लावायची, "धर गं" म्हणायचं, आणि कापायचं. कुठे साल निघत नव्हती, कुठे करवत अडत नव्हती. सांधे असे बसायचे की मध्ये नख जाऊ नये. बाकाचे पाय उभे राहिले, सरळ. डगमग नावाला नाही.

"आता शहाणी झालीस बघ," तो कोपऱ्याकडे बघून म्हणायचा. "आधी कुठे होतं हे शहाणपण?"

कोपरा गप्प. पण गप्प आणि गप्प यांतही फरक असतो बरं का. कुणी नाही म्हणून गप्प वेगळं, आणि कुणी ऐकतंय म्हणून गप्प वेगळं.

दिवसभर तो बोलायचा. तिला लग्नात कुठली साडी होती, लेक रांगायला लागली तेव्हा कपाटाखाली कशी अडकली, डॉक्टर कसे चिडायचे. एखादी गोष्ट चुकून सांगितली तर तिनं हटकलं असतं. ती हटकत नव्हती. त्यालाही बरंच वाटायचं, कुणाला नको असतं?

भिंतीपलीकडे शेजारच्या ताई कपडे वाळत घालायच्या. कान भिंतीला चिकटवून ठेवलेले त्यांचे.

"काय कंपाउंडर, कोण आलंय?"

"कोण येणार? लाकडाशी बोलतोय."

"लाकूड बरं की हो. उलटून बोलत नाही!"

आणि ताई खो खो हसल्या. हाही हसला. पण ते हसू त्याच्या ओठांवरच राहिलं, आणि का राहिलं ते काही त्याला कळलं नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा तो खुशीत होता.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो. झकास चाललंय. तू उगाच काळजी करू नकोस, मी काही एकटा नाही इथे."

"म्हणजे?"

"तुझी आई असते की शेडमध्ये."

मग लेक म्हणाली, "मी येतेय."

४

आली ती पर्स खांद्याला तशीच थेट शेडमध्ये. चेहरा बघावा तर आईचा साचा. वैतागली की नाकपुडी तशीच फुगायची.

"कुठे आहे आई?" तिनं विचारलं. रागानं नाही. पोराला विचारावं तसं.

कंपाउंडर अवघडला. म्हातारा झाला तरी बाप होता तो, आणि लेकीसमोर खुळा ठरायची लाज कुणाला नसते? त्यानं मान हलवली आणि विषय बदलला.

"ते राहू दे. हा बाक बघ. पाठीची एक फळी तेवढी राहिलीय."

लेकीनं बाकावर हात फिरवला. दाबून बघितला. वाकून खालून बघितला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कपाळाला आठीही पडली.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मग? कुणी सुतार बोलावला की काय!"

"पण हे डगमगत कसं नाही?"

दोघंही हसले. मग लेक म्हणाली, "चला, राहिलेली फळी कापू. मी धरते. आई धरायची तशी." आणि तिनं मशीन सरकवलं, पेटी सरकवली, टेबल फिरवून तोंड पुन्हा दाराकडे केलं. ती दारात उभी राहिली. फळीचं टोक तिच्या हातात. कंपाउंडरनं करवत लावली.

खर्र. खर्र. ख...

करवत जाम.

"अगं ठके, वर नको ढकलूस! नुसतं धर!"

"धरलंय की बाबा! पडू देऊ का खाली?"

"अडकली ना करवत!"

"मग धरा तुमचं तुम्ही!" आणि तिनं फळी सोडली.

फळी धाडकन पडली, आणि कंपाउंडर पोट धरून हसायला लागला. लेकही हसायला लागली. आई गेल्यापासून दोघं एकत्र असे हसलेच नव्हते. हसता हसता तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आणि मग त्याचं हसणं थांबलं.

इतके दिवस करवत एकदाही अडली नव्हती. एकदाही. वर ढकललं नव्हतं, हात कंटाळून सोडला नव्हता, उलटून एक शब्द आला नव्हता. त्यानं हळूच मान वळवून कोपऱ्याकडे बघितलं. शिडी होती. कपाट होतं. दोघांच्या मधे ती वीतभर जागा होती, आणि त्या जागेतल्या जळमटाला एकही भोक पडलेलं नव्हतं.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "मी येतो तुझ्याकडे. उद्याच जाऊ."

लेक चाटच पडली. एवढ्या लवकर "बघू" चं "येतो" झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

५

सकाळी लेक घरात बॅगा भरत होती. बाक गाडीत मावणारा नव्हता. तो ताईंना देऊन टाकायचं ठरलं. कंपाउंडर म्हणाला, हत्यारं घेऊन येतो.

घ्यायची आणि निघायचं, एवढंच होतं. पण टेबल पुन्हा कोपऱ्याकडे फिरलेलं होतं. लेकीनं काल नीट लावलं असेल, तो म्हणाला. पाठीची फळी टेबलावर होती, कालच्या अर्धवट कापासकट. तीही तिनंच उचलून ठेवली असेल. पोरीला आवराआवरीची सवय आहे.

खिडकीतून ऊन येत होतं. त्यानं करवत उचलली. कशाला उचलली? मला विचाराल तर मी सांगेन, आशा मेली वाईट असते. कालची गोष्ट खरी, पण एकदा, एकदाच बघावं. माणूस मेल्यावर सुधारत असेल, कुणाला माहीत?

"धर गं," तो म्हणाला.

खर्र. खर्र. ख...

करवत जाम.

पलीकडचं टोक वर ढकललं जात होतं. अगदी तसंच. तेवढंच. कंपाउंडरचे डोळे मिटले. आणि तोंडातून आपोआप निघालं, जसं नेहमी निघायचं तसं:

"अगं, वर नको ढकलूस. नुसतं धर."

टोक लगेच खाली आलं. पातळीत. तोलून, निमूट. करवत मोकळी झाली.

त्यानं डोळे उघडले.

ती असती तर तिनं असं केलं असतं? मेली असती पण ऐकलं नसतं. मेली होतीच म्हणा, तरी नसतं ऐकलं.

काल लेक दारात उभी राहून धरत होती, भांडत होती, तेव्हा हे जे काही होतं ते कोपऱ्यातून बघत होतं. कसं धरल्यावर म्हातारा हसतो ते शिकत होतं. आणि रात्रभर, देव जाणे, सराव करत होतं.

"तू ती नाहीस," कंपाउंडर म्हणाला.

फळी थरथरली. थोडीशीच.

"नाहीस ना?" त्याचा आवाज आपोआप दवाखान्यातला झाला, घाबरलेल्या पेशंटशी बोलायचा तसा. "हरकत नाही. रागावलो नाही मी. पण आता सोड. मला जायचंय."

इतके दिवस सांगितलं ते ऐकणाऱ्यानं हे मात्र ऐकलं नाही. फळी हलेना. त्यानं आपल्या बाजूनं ओढली. फळी तिकडे ओढली गेली. जोरानं नाही. लहान मूल पदर धरतं तशी. पण सुटेना.

करवतीचा भुसा उन्हात उडत होता. कंपाउंडरचं लक्ष गेलं ते भुशाकडे. सगळा खाली पडत होता, फक्त फळीच्या पलीकडच्या कडेला तो अधांतरी बसत होता. बारीक बारीक उंचवटे दिसायला लागले. बोटांच्या पेरांसारखे. एक हात, दुसरा हात, असं त्याच्या मनानं मोजायला घेतलं, आणि मग मोजणं सोडून दिलं. ती पेरांची रांग फळी संपली तरी हवेत तशीच पुढे जात होती, कपाटाच्या मागे, भिंतीपर्यंत, जिथे कुणाचा हात पोचणार नाही तिथपर्यंत. आणि सगळीच्या सगळी थरथरत होती.

"बाबा!" लेकीची हाक आली, अंगणातून. पावलंही येत होती.

पेरं थांबली. भुशाची ती रांग हळूच, दाराच्या बाजूला वळली.

"आत येऊ नकोस!" कंपाउंडर ओरडला. असा तो जन्मात ओरडला नव्हता. "आलोच मी! गाडी काढ तू!"

पावलं थबकली, मग लांब गेली. त्यानं करवत घट्ट धरली आणि कापायला लागला. जुन्या कापातूनच, भराभर, श्वास न घेता. फळी सुटत नव्हती ना? मग अर्धी आपली, अर्धी त्या कोपऱ्यातल्याची. करवत आरपार गेली. त्याच्या हातात त्याची अर्धी आली. दुसरी तिथेच राहिली, हवेत, कोपऱ्यात, कुणीतरी उराशी धरावी तशी तिरकी झाली.

कंपाउंडरला अचानक त्याची दया आली. आता याला काय म्हणावं? पण आली.

"ठेव तुला ती," तो म्हणाला. आणि पाठ न फिरवता, बायकोच्या मशीनला अडखळत, उलट्या पावलानं बाहेर आला. दार लोटलं. हत्यारं आतच राहिली.

६

लेकीनं गाडी फाटकाशी उभी केली होती. तो जाऊन बसला. पट्टा लावला. हातातली अर्धी फळी मांडीवर होती ती त्यानं काच खाली करून बाहेर गवतात टाकून दिली.

"कुलूप लावून येते," लेक म्हणाली आणि पुन्हा घराकडे गेली.

तो समोर बघत बसला. रस्त्यावर ऊन होतं, कुणीतरी सायकलवरून घंटी वाजवत गेलं, ताईंच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. सगळं कसं रोजचं होतं. त्याला वाटलं, आता हिच्या घरी जाऊ, गॅलरीत बसू, पेपर वाचू. हिला पोळ्या नीट येत नाहीत, त्यावरून भांडू. ती उलटून बोलेल. बोलू दे. दिवसातून दहादा बोलू दे.

लेक परत आली. दार उघडून आत बसली, किल्ली लावली, आणि मग थांबली. त्याच्याकडे बघितलं. मागे घराकडे बघितलं. पुन्हा त्याच्याकडे.

"बाबा, तुम्ही गाडीत परत कधी आलात?"

"कधीचा बसलोय. तू कुलूप लावायला गेलीस तेव्हापासून."

"काहीतरीच. आत्ता शेडमधून हाक मारलीत ना मला? 'ठके, जरा इकडे ये' म्हणून?"

कंपाउंडरचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. इतके दिवस तोच तर बोलत होता तिथे. दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकला होता त्या कोपऱ्यानं?

"गेलीस तू आत?"

"नाही. फाटकाशी पोचले होते. म्हटलं, काय ते गाडीत सांगा."

"आणि ओ?" तो म्हणाला. "ओ दिलीस का तू?"

लेक हसली. आईसारखी नाकपुडी फुगवून, खुळ्या बापाला हसावं तशी.

"दिली की! आवाज तुमचा, मग ओ नाही देणार?"

तिनं गाडी सुरू केली. कंपाउंडरनं हात पुढे केला आणि तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. ती म्हणाली, "अहो बाबा, गियर टाकू द्या," तरी त्यानं ते सोडलं नाही.